बी.कॉम.च्या मुलीसाठी ६० हजारांत गेमिंग लॅपटॉप घ्यावा की साधा? ती रोज ट्रेनने जाते.

'भाऊ म्हणतो गेमिंगच घे, पुढे उपयोगी पडेल,' असं तुम्ही लिहिलंय ना, तेवढं वाचूनच उत्तर लिहायला बसले. आमच्याकडे अगदी हेच माझे धाकटे दीर म्हणाले होते.

तेव्हा मी बोरिवली-चर्चगेट करायचे. काम काय, तर टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि एक्सेल. भाऊजींनी १५.६ इंची गेमिंग मशीन गळ्यात मारलं. अडीच किलोचं धूड, वर अर्ध्या किलोची वीट म्हणजे चार्जर. बॅटरी जेमतेम तीन तास, त्यामुळे वीट घरी ठेवायची सोय नाही. एकदा अंधेरीला गर्दी आत घुसली, मी बॅग छातीशी धरून उभी. एका मावशींच्या कोपराला ती लागली. "काय गं, पाटा-वरवंटा घेऊन निघालीस की काय?" अख्खा लेडीज डबा हसला. महिनाभरात खांदा धरला तो वेगळाच.

तर १४ इंची घ्या, दीड किलोच्या आतला. १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि टाइप-सीवर चार्ज होणारा. रॅम बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली आहे का, हे दुकानातच विचारा. असेल आणि जादा रॅमसाठी रिकामी खाचही नसेल, तर '८ घेऊ, पुढे वाढवू' हे विसरा. पैसे कमी पडले तर कात्री प्रोसेसरला लावा, रॅमला नको. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी 'एच' असलेला जास्त वीज खातो, 'यू' पुरे. मॅकच्या नादी लागू नका, टॅली त्यावर सरळ चालत नाही.

"वहिनी, १४ इंचीला नंबरपॅड कुठून आणणार?" हा भाऊजींचा हुकमाचा एक्का. नंबरपॅड म्हणजे कीबोर्डच्या उजवीकडची आकड्यांची वेगळी बटणं. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणला, यूएसबीचा, काही शेकड्यांत. पर्समध्ये मावतो.

हां, मुलगी आर्किटेक्चरला असती किंवा थ्रीडी, व्हिडिओ एडिटिंग करणार असती, तर गेमिंग लॅपटॉपमधलं ग्राफिक्स कार्ड कामाला आलं असतं. तिथे भाऊजी बरोबर.

ते मशीन आता त्यांच्याच मुलाकडे आहे, टेबलावर, कायम चार्जरला जोडलेलं. गणपतीत गेलो की भाऊजी मुद्दाम गेम लावून दाखवतात. मी म्हणते, छान आहे, आता हे घेऊन बोरिवलीचा पूल चढून दाखवा.