कोल्हापुरात ‘क्लिनिकल सोशल वर्कर’ची पाटी शोधू नको

भावा, पुण्यात तुझ्या बहिणीला मानसिक आजाराच्या उपचारानंतर डिस्चार्ज देताना डॉक्टर म्हणाले गावी गेल्यावर क्लिनिकल सोशल वर्कर (पेशंटला आणि घरच्यांना आजार सांभाळायला मदत करणारा शिकलेला समाजसेवक) बघा, आणि तू आठवडाभर गूगल करतोयस, काहीच सापडंना. सापडणार पण नाही. राजारामपुरीत दाताच्या डॉक्टरांच्या पाट्या मोजून दमशील पण या नावाची दिसायची नाही, कारण ही माणसं स्वतःचं क्लिनिक काढून फारशी बसत नाहीत, दवाखान्याच्या आत असतात. आणि आपल्याकडं नाव वेगळं आहे, सायकियाट्रिक सोशल वर्कर म्हणून विचार. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्याख्याच आहे, एमएसडब्ल्यू (म्हणजे समाजकार्यातली मास्टर डिग्री) आणि वर सायकियाट्रिक सोशल वर्कमधलं दोन वर्षांचं फुल टाइम एम.फिल.

मी माझ्या भावाच्या आजारपणात आधी एका ‘काउन्सेलर’कडं गेलेलो, तिसऱ्याच सिटिंगला म्हणतो गोळ्या निम्म्या करा. तिथंच उठलो. गोळ्या कमी-जास्त करणं सायकियाट्रिस्टचं (मानसोपचाराच्या डॉक्टरचं) काम, दुसऱ्या कुणी सांगितलं तर सरळ बाहेर पड.

शेवटी काम झालं सीपीआरला, म्हणजे कोल्हापुरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात (आमची आज्जी अजून थोरला दवाखानाच म्हणते). केसपेपर काढून मानसोपचार ओपीडीत जा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या टीममध्ये सायकियाट्रिस्ट, सायकॉलॉजिस्टबरोबर या सोशल वर्करची पण पोस्ट असते, सध्या भरलेली आहे का तेवढं विचार. आम्हाला भेटलेल्या मॅडम भावाशी कमी आणि आमच्या आईशीच जास्त बोलल्या, गोळ्या कोण देतं, रात्री किती वाजता झोपतो, चिडला की घरात आधी कोण ओरडतं.. आई म्हणाली मीच. मग गोळ्यांची वही घातली, बाबांना शेजारी बसवून आजार समजावला, यूडीआयडी कार्डाचे (सरकारी दिव्यांग ओळखपत्राचे) कागद सांगितले. भाऊ कामावर परत लागला त्यात मला वाटतं निम्मा वाटा त्या वहीचा.

तिथं नाही जमलं तर सायबर कॉलेजच्या एमएसडब्ल्यू डिपार्टमेंटला जाऊन विचार, आपले जुने विद्यार्थी कुठं कामाला आहेत ते तिथल्या सरांना माहीत असतं, आणि ते गूगलवर नसतंय.

मधल्या काळात रात्री-अपरात्री काय झालं तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, नंबर 14416, फुकट आहे, मराठीत बोलतात.

जाताना डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स ने, आणि बहिणीबरोबर घरात दिवसभर जे माणूस असतं त्याला ने. मी पहिल्यांदा एकटाच गेलेलो, मॅडमनी परत पाठवलं, आईला घेऊन या म्हणाल्या.