ठिपके गेले, म्हणजे रोग गेला का?

वाचकांचे प्रश्न : खाऱ्या पाण्यातील माशांचे परजीवी रोग

प्रश्न : माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत दोन क्लाउनफिश, काही प्रवाळ आणि शंखवर्गीय प्राणी आहेत. त्यात टँग जातीचा एक नवा मासा सोडला आणि आठव्या दिवशी त्याच्या अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके दिसले. बाटलीवर ‘प्रवाळांना सुरक्षित’ असे लिहिलेले एक औषध मी टाकीत घातले आणि चार दिवसांत सर्व ठिपके नाहीसे झाले. मात्र दोन आठवड्यांनी तिन्ही मासे पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक ठिपक्यांनी भरून गेले. औषध निकृष्ट होते, की मात्रा कमी पडली?

उत्तर : मात्रा दुप्पट केली असती, तरी बहुधा हेच घडले असते, कारण चौथ्या दिवशी ठिपके गेले ते औषधामुळे नव्हे. औषध न घालताही ते त्याच सुमारास गेले असते. आपण वर्णन केलेली लक्षणे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या परजीवीची आहेत. हौशी मंडळी त्याला ‘मरीन इच’ किंवा नुसते ‘व्हाइट स्पॉट’ म्हणतात. गोड्या पाण्यातील व्हाइट स्पॉटशी त्याचे केवळ दिसण्यात साम्य आहे, नाते जवळचे नाही. त्यामुळे गोड्या पाण्यात तापमान वाढवून जो गुण येतो, त्याची अपेक्षा येथे धरू नये.

हा अंगभर सूक्ष्म रोम असलेला एकपेशीय जीव आहे. माशाच्या त्वचेच्या आणि कल्ल्यांच्या बाह्य थराखाली तो साधारण तीन ते सात दिवस राहतो, तेथील पेशींवर पोसतो आणि मोठा होतो. आपल्याला जो ठिपका दिसतो, तो हाच. पूर्ण वाढ झाली की तो स्वतःहून मासा सोडतो, तेही बहुतेक वेळा अंधारात. त्यानंतर काही तास तळाशी सरपटत राहून तो वाळूला, दगडाला किंवा काचेला चिकटतो आणि स्वतःभोवती कठीण कवच तयार करतो. या कवचाच्या आत त्याचे विभाजन होत जाते आणि एका कवचातून दोनशेपर्यंत पिल्ले बाहेर पडू शकतात. कवच फुटण्यास बहुधा तीन ते २८ दिवस लागतात, पण प्रयोगशाळेत काही कवचे ७२ दिवसांपर्यंत टिकून नंतर फुटल्याची नोंद आहे. बाहेर पडलेल्या पिल्लाला एक-दोन दिवसांत मासा गाठावाच लागतो, नाहीतर ते मरते. त्याची मासा गाठण्याची क्षमता तर पहिल्या काही तासांनंतरच उतरू लागते.

हे चक्र आपल्या टाकीवर ताडून पाहावे. नव्या टँगवर थोडे परजीवी होते, ते पोसून गळून पडले आणि मासा स्वच्छ दिसू लागला. त्या ‘बऱ्या’ दिसणाऱ्या दिवसांत तळाशी कवचांमध्ये त्यांची संख्या वाढत होती आणि दोन आठवड्यांनी ती सारी प्रजा एकदम बाहेर आली. म्हणून माझे प्रत्येक वाचकाला आग्रहाचे सांगणे असते, की उपचाराचे दिवस माशाच्या अंगाकडे पाहून मोजू नयेत, ते टाकीतील परजीवीच्या चक्रावरून मोजावेत. ठिपका असतो तेव्हा परजीवी माशाच्या त्वचेआड सुरक्षित असतो आणि कवचात असतो तेव्हा कवच त्याला वाचवते. पोहणाऱ्या पिल्लाच्या अवस्थेतच तो औषधाच्या तडाख्यात सापडतो. या पिल्लांना खात्रीने मारणारी औषधे प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगाई यांनाही मारतात, म्हणून ‘प्रवाळांना सुरक्षित’ या शब्दांवर मी भरवसा ठेवत नाही.

आता करायचे ते असे. ज्यांच्या अंगावर ठिपके नाहीत तेही धरून सर्व मासे मुख्य टाकीतून काढून वेगळ्या उपचार-टाकीत न्यावेत. प्रवाळ आणि गोगलगाई मुख्य टाकीतच राहू द्याव्यात, कारण हा परजीवी त्यांच्यावर जगू शकत नाही. ती टाकी माशांविना ७६ दिवस, म्हणजे जवळपास अकरा आठवडे ठेवली की आत उरलेली कवचे फुटतात आणि पिल्ले यजमान न मिळाल्याने मरतात. दगडाच्या कपारीत एखादा लहानसा मासा राहून गेला, तर सर्व आठवडे वाया जातात, म्हणून मोजदाद काटेकोरपणे करावी. या काळात दोन्ही टाक्यांची जाळी, नळ्या आणि बादल्या वेगळ्या ठेवाव्यात, कारण ओल्या वस्तूंवरून परजीवी सहज प्रवास करतो. प्रवाळाचा किंवा शंखाचा कठीण भागही कवच वाहून आणू शकतो, तेव्हा या अकरा आठवड्यांत नवे काहीही टाकीत घालू नये.

प्रश्न : उपचार-टाकीत तांबे वापरावे की पाण्याचा खारटपणा कमी करावा? दोन्हींबद्दल परस्परविरोधी सल्ले ऐकायला मिळतात.

उत्तर : दोन्ही उपाय खरे आहेत, फरक आहे तो शिस्तीचा आणि निदानाचा. तांब्याच्या औषधांचे दोन प्रकार असतात. साध्या कॉपर सल्फेटच्या स्वरूपात मुक्त तांब्याचे प्रमाण लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम राखावे लागते. बद्ध म्हणजे किलेटेड स्वरूपात हा आकडा सुमारे दहापट मोठा असतो आणि तो त्या त्या औषधाच्या वेष्टनावर दिलेला असतो. एका प्रकारचा आकडा दुसऱ्याला लावला, तर मासे तरी मरतात किंवा परजीवी तरी जगतात. टेस्ट किटही आपल्या औषधाच्या प्रकाराला जुळणारे हवे. मात्रा एकदम न चढवता दोन-तीन दिवसांत चढवावी, दिवसातून किमान एकदा मोजावी आणि ती ३० दिवस सलग टिकवावी. मध्ये एक दिवस जरी प्रमाण खाली घसरले, तरी त्या दिवशी बाहेर पडलेली पिल्ले माशापर्यंत पोहोचतात, म्हणून मोजणी पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू करावी. वाळू, प्रवाळाचे तुकडे आणि लाइव्ह रॉक, म्हणजे सूक्ष्मजीव वसलेले सच्छिद्र दगड, तांबे शोषून घेतात, त्यामुळे उपचार-टाकीचा तळ मोकळा असावा आणि माशांना लपण्यासाठी प्लॅस्टिकच्या नळ्यांचे तुकडे ठेवावेत. फिल्टरमधील औषध शोषणारा कार्बनही काढून ठेवावा.

खारटपणा कमी करण्याचा उपाय माशांना तांब्यापेक्षा सौम्य जातो. समुद्राच्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे गोड्या पाण्याच्या तुलनेत त्याची घनता, सुमारे १.०२५ असते, ते एक-दोन दिवसांत १.००९ पर्यंत उतरवून किमान तीन आठवडे तेथेच राखायचे असते. याने कवचातील परजीवी फुगून नष्ट होतात. येथे अंदाज चालत नाही, नीट जुळवून घेतलेला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारटपणा मोजणारे उपकरणच हवे, कारण १.०१२ वर परजीवी तरून जाऊ शकतो. कमी खाऱ्या पाण्यात सामू म्हणजे पीएच घसरतो, तोही रोज पाहावा लागतो. खारटपणा परत वाढवताना तर अधिकच सबुरी हवी, त्यासाठी आठवडाभर घेतला तरी चालेल. कमी खारटपणा सहन करणारे या परजीवीचे काही वाणही आढळले आहेत आणि शार्क व पाकट यांच्या कुळातील माशांना हा उपाय सोसत नाही.

तिसराही एक मार्ग आहे आणि लहान, धडधाकट माशांसाठी मला तोच अधिक आवडतो. कवच फुटण्यास निदान तीन दिवस लागतात. म्हणून दर ७२ तासांच्या आत मासे पूर्णपणे स्वच्छ, कोरड्या केलेल्या दुसऱ्या टाकीत हलवावेत, म्हणजे गळून पडलेली कवचे मागे राहतात. अशा चार फेऱ्या केल्या, की औषधाशिवाय मासा बारा दिवसांत या परजीवीतून सुटतो. पाणी, फिल्टर, जाळी यांतले काहीही जुन्या टाकीतून पुढच्या टाकीत जाता कामा नये.

कोणताही मार्ग निवडा, माशांच्या उत्सर्जनातून पाण्यात साठणाऱ्या विषारी अमोनियावर नजर ठेवा. नव्या उपचार-टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू नसतात. सुरुवातीच्या काळात माझे दोन मासे परजीवीतून वाचले आणि अमोनियाने गेले. तेव्हापासून एक स्पंज फिल्टर मी नेहमी निरोगी टाकीत चालू ठेवतो, म्हणजे त्यात हे जिवाणू वसतात, आणि गरज पडताच तोच उपचार-टाकीत लावतो. टाक्या बदलण्याच्या पद्धतीत मात्र हा स्पंज पुढे नेता येत नाही, तेथे ताज्या पाण्यावरच भिस्त ठेवावी लागते. तांब्याबरोबर अमोनिया निष्प्रभ करणारी रसायने वापरू नयेत, काहींमुळे बद्ध तांबे मोकळे होऊन विषारी ठरते. त्याऐवजी थोडे पाणी बदलावे आणि नव्या पाण्यातही तांबे त्याच प्रमाणात मिसळावे.

प्रश्न : माझे तीन मासे दोन दिवसांत दगावले. ठिपके फारसे नव्हते, पण मासे पंपाच्या प्रवाहात तोंड करून जोरजोराने श्वास घेत होते आणि अंगावर बारीक धुळीसारखा थर दिसत होता. खारटपणा कमी करून पाहिला, उपयोग झाला नाही.

उत्तर : आपली हानी मोठी आहे आणि आपण उशीर केला असे मला वाटत नाही. वर्णन अ‍ॅमायलूडिनियमचे, म्हणजे ‘वेल्व्हेट’ रोगाचे दिसते. तो प्रथम कल्ल्यांवर हल्ला करतो, म्हणून अंगावर काही दिसण्याआधीच मासा गुदमरू लागतो. मासे प्रवाहाकडे जातात, उजेड टाळतात, खाणे सोडतात. अंधाऱ्या खोलीत टॉर्चचा प्रकाश तिरका पाडून पाहिले, तर तो धुळीचा थर सोनेरी झाक मारतो. हा परजीवी फार कमी खाऱ्या पाण्यातही जगतो, म्हणून आपला उपाय निष्फळ ठरला. टाक्या बदलण्याची पद्धतही येथे पुरेशी नाही. उरलेले मासे असतील, तर त्याच दिवशी तांब्याच्या किंवा क्लोरोक्वीन या हिवतापावरील औषधाच्या उपचारावर घ्यावेत आणि पाण्यात हवा भरपूर सोडावी. क्लोरोक्वीनची मात्रा माशांच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

क्लाउनफिश बाळगणाऱ्यांनी आणखी एका परजीवीचे नाव लक्षात ठेवावे, ते ब्रुकलिनेला. यात ठिपक्यांऐवजी अंगावर दाट चिकट स्राव येतो आणि त्वचेचे पापुद्रे सुटल्यासारखे दिसतात. यावर तांबे चालत नाही. तापमान आणि सामू जुळवलेल्या गोड्या पाण्यात तीन ते पाच मिनिटांचे स्नान दिल्याने मासा काही काळ सावरतो, पण खरा उपाय फॉर्मेलिनचा आहे. ते माणसालाही घातक रसायन असल्याने हातमोजे घालून, खेळत्या हवेत आणि जाणकाराच्या देखरेखीखालीच वापरावे. हेच गोडे स्नान निदानालाही उपयोगी पडते, कारण अंगावर चपटे कृमी असतील, तर ते पांढरे पडून भांड्याच्या तळाशी गळतात. त्यांच्यासाठी प्राझिक्वांटेल हे कृमिनाशक वापरतात. कृमींची अंडी या औषधाला दाद देत नाहीत, म्हणून काही दिवसांनी दुसरी मात्रा द्यावी लागते.

प्रश्न : खाद्यात लसूण देणे आणि माशांच्या अंगावरचे परजीवी वेचून खाणारी क्लीनर कोळंबी टाकीत ठेवणे याने पांढरे ठिपके बरे होतात का?

उत्तर : नाही. लसणाच्या वासाने एखादा रुसलेला मासा खाऊ लागतो, तेवढ्यापुरता तो द्यावा. क्रिप्टोकॅरिऑन त्वचेच्या थराखाली असल्याने कोळंबीला तो वेचता येत नाही. अल्ट्राव्हायोलेट दिवा पाण्यातील पिल्लांची संख्या घटवतो, पण जी पिल्ले दिव्यापर्यंत येतच नाहीत त्यांच्यावर त्याचा काही इलाज नाही. यापेक्षा नव्या माशाला मुख्य टाकीत सोडण्यापूर्वी चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवण्याची सोय आधी करावी, आणि ती टाकी मासा घरी येण्याच्या आधीच चालू असावी.