मधुमेहाचं इंजेक्शन आणि मळमळ

प्रश्न : आठवड्यातून एकदा घ्यायचं सेमाग्लुटाइड सुरू केलंय. वजन उतरतंय, पण शेवभाजी खाल्ली की रात्रभर मळमळतं. बंद करू का? – एक भगिनी, अमळनेर

उत्तर : ताई, मनानं बंद करू नका. या औषधानं भूक मंदावते, पोटही सावकाश रिकामं होतं. त्यात शेवभाजीची लाल तर्री पडली की ढेकरा येणारच. हिवाळ्यात भरीत-पुरीनंतर माझे पेशंट हेच सांगत येतात. म्हणूनच ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून ४ आठवड्यांनी डोस वाढवतात. मळमळ असेल तर डोस वाढवायला थोडं थांबता येतं, तुमच्या डॉक्टरांना विचारा. सध्या कळण्याची अर्धी भाकरी, घट्ट वरण, ताक घ्या. पोट भरलंसं वाटताच उठा. डाळ-अंडी सोडू नका, वजनाबरोबर स्नायूही झिजतात. पोटातली असह्य कळ पाठीत गेली किंवा उलट्या थांबेनात, तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठा.