रक्त दिसले की मूळव्याधच, असे समजू नकोस

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

यावल तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाल्याचे तुझे पत्र मिळाले. ताप, सर्पदंश आणि प्रसूतीच्या धावपळीत एका तक्रारीकडे दुर्लक्ष होऊ नये, म्हणून हे लिहीत आहे.

शौचावाटे रक्त पडते हे इथला शेतकरी सर्वांत शेवटी, खाली मान घालून सांगतो. तोवर ‘उष्णता झाली’ म्हणून त्याने ताक-सब्जा घेतलेला असतो आणि बसस्थानकाजवळच्या ‘मूळव्याध-भगंदर’ पाटीखालून मलमही आणलेले असते. मूळव्याध असेलही, पण ती दिसली म्हणजे वर मोठ्या आतड्यात गाठ नाही, असे ठरत नाही. पडदा ओढून, त्याची संमती घेऊन, बोटाने गुदतपासणी केल्याखेरीज त्याला परत पाठवू नकोस. पन्नाशीतल्या पुरुषाच्या रक्तात लोह कमी आढळले, तर नुसत्या गोळ्या देऊन थांबू नकोस. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूचा कर्करोग पुष्कळदा न दिसणाऱ्या रक्तस्रावामुळे केवळ अशक्तपणाच्या रूपाने समोर येतो.

हा रोग बहुतेक वेळा आतड्याच्या अस्तरावरच्या पॉलिपपासून, म्हणजे लहानशा मांसल वाढीपासून, सुरू होतो आणि पॉलिपचा कर्करोग व्हायला साधारण १० वर्षे लागतात. कोलोनोस्कोपीत, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठे आतडे आतून पाहताना, पॉलिप दिसला तर बहुधा त्याच वेळी काढता येतो, म्हणजे पुढचा रोगच टळतो. अमेरिकेतील तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये तक्रार नसलेल्यांसाठीही तपासणीचे वय ५० वरून ४५ वर आणले. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांचीच तपासणी होते, त्यामुळे विचारपूस तुलाच करावी लागेल. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा रोग झाला असेल, तर वयाच्या ४० व्या वर्षी किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयाआधी १० वर्षे, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी सुचव.

आदल्या दिवशीचा पातळ आहार आणि जुलाबाचे औषध घरच्यांना नीट समजावून सांग. पोट साफ नसल्यामुळे तपासणी वाया गेली, तर केळीच्या काढणीत तो माणूस पुन्हा जळगावला जाणार नाही.

ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, डाळी, पालेभाज्या चालू ठेवायला आणि दारू-तंबाखू सोडायला सांगच. मात्र आहार चांगला आहे म्हणून तपासणी टाळू देऊ नकोस.

ज्याला पुढे पाठवशील, त्याचे नाव आणि फोन नंबर बायोप्सीचा, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा, अहवाल हाती येईपर्यंत स्वतःच्या वहीत ठेव.

तुझा,
सर