केएच (पाण्यातला कार्बोनेट-बायकार्बोनेटचा क्षार) १२ आहे, सीओटू (कार्बन डायऑक्साइड गॅस) सोडूनही प्लांटेड टँकचा, म्हणजे पाणवनस्पती लावलेल्या माशांच्या टाकीचा, पीएच ७.१ च्या खाली येत नाही. ६.५ कसा आणू? पीएच डाऊन (पीएच उतरवणारं आम्ल) टाकू का?

६.५ आणायचाच कशाला? केएच १२ ला पीएच ७.१ म्हणजे पाण्यात सीओटू ३० पीपीएमच्या आसपास. झाडांना तेवढा पुरे. याच केएचला ६.५ गाठलात तर आकडा ११० च्या वर जातो, मग मासे विसरा.

हा ६.५ चा हट्ट मी घरातच बघितलाय. आमचे दाजी जुळे सोलापुरात राहतात, टाकीत बोअरचं पाणी. इथलं बोअर म्हणजे बादलीला पांढरा थर आणि साबणाला फेस नाही. दुकानदाराने भरवलं की टेट्रा माशांना ६.५ च लागतो. मग दाजींनी गॅसचा नीडल व्हॉल्व्ह (बारीक नळ) एवढा सोडला की काउंटरमधले (गॅस मोजायच्या नळीतले) बुडबुडे मोजता येईनात. मी म्हटलं, ड्रॉप चेकर (पाण्यातला सीओटू रंगाने दाखवणारी कुपी) पिवळा पडलाय, गॅस कमी करा. तर म्हणे, "मला शिकवू नको, मीटर अजून ६.८ दाखवतोय." संध्याकाळी सगळे टेट्रा वर तोंड काढून कल्ले उडवत होते. एअर पंप लावेपर्यंत निम्मे गेले. दाजी आजही सांगतात, मासे उन्हाने गेले. एप्रिल होता, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, हे कबूल. पण मग शेजारच्या बिनगॅसच्या टाकीतले गप्पी कसे राहिले?

पीएच डाऊनचं तर नावच काढू नका. आम्लाने बायकार्बोनेट मोडून सीओटू सुटतो, तो उडाला की पीएच परत वर. माशांना नुसते हेलकावे. खालीच आणायचा असेल तर दर वेळी पाणी बदलताना थोडं थोडं आरओ मिसळून केएच ४-५ वर आणा. खडीवर व्हिनेगर टाकून बघा, फेस आला तर ती खडीच केएच वाढवते, ती आधी काढा. गॅस लाईटच्या तासभर आधी सुरू, रात्री बंद.

हां, वरचे आकडे केएच निव्वळ कार्बोनेटचा असेल तरच खरे. ड्रिफ्टवूड, बदामाची पानं किंवा फॉस्फेटचा बफर (पीएच धरून ठेवणारं रसायन) असेल तर गणित फसतं. तेव्हा चेकरवर भिस्त ठेवा, पण आत टाकीचं पाणी नको, ४ केएचचं द्रावण भरा. हिरवा म्हणजे ठीक. रंग तास-दोन तास उशिरा बदलतो.

गॅसची कटकटच नको असेल तर व्हॅलिस्नेरिया लावा. ती बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेते, आपल्या क्षाराच्या पाण्यात मस्त वाढते. दाजींना सुचवलं तर म्हणाले, ते गवत आहे.