रिकाम्या पोटी आतडी कुणाच्या सांगण्यावरून हलतात?

तुम्ही विचारलंय की भूक लागल्यावर पोट गुरगुरतं तेव्हा आतड्यांना हुकूम मेंदू देतो, की हृदयासारखा त्यांचाही स्वतःचा पेसमेकर असतो.

पेसमेकर असतो, आणि तो एका जागी नसून जठर-आतड्यांच्या भिंतीत सगळीकडे पसरलेला असतो. मला हे पुस्तकाआधी सशाच्या आतड्यानं शिकवलं. बी. फार्मला असताना प्रॅक्टिकलला आतड्याचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा टायरोडच्या द्रावणात (शरीरातल्या क्षारांसारखं क्षार-साखरेचं पाणी) टांगायचो. पाणी ३७ अंशांवर, खालून हवेचे बुडबुडे, आणि तुकड्याला दोऱ्यानं बांधलेली काडी फिरत्या ड्रमवरच्या काजळी धरलेल्या कागदावर रेघ ओढायची. मेंदू नाही, पाठीचा कणा नाही, तरी तो तुकडा तासन् तास लयीत आखडायचा आणि सैलावायचा. एकदा थर्मोस्टॅट बिघडून पाणी गार होत गेलं, तर कुणाच्या लक्षात येण्याआधीच कागदावरच्या लाटा विरळ झाल्या होत्या. सर ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी तो कागद लाखेच्या द्रावणात बुडवून जपून ठेवला, पुढच्या बॅचला दाखवायला.

ही लय स्नायू स्वतः काढतो की नसा (म्हणजे चेतातंतू), यावर बरीच वर्षं वाद होता. पफर माशाचं विष, टेट्रोडोटॉक्सिन, टाकून नसा गप्प केल्या तरी या लयीमागच्या विजेच्या मंद लहरी चालूच राहतात, म्हणजे नसा नव्हेत. खरा मालक निघाला भलताच. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आतड्याच्या भिंतीत फांद्या फुटलेल्या काही पेशी पाहिल्या होत्या आणि त्यांना एक प्रकारच्या प्राथमिक चेतापेशी मानलं होतं. चेतापेशी त्या नव्हत्याच, पण नाव राहिलं: काहालच्या पेशी. १९९५ मध्ये ‘किट’ जनुकात दोष असलेल्या उंदरांवरचं काम प्रसिद्ध झालं. त्यांच्या लहान आतड्यात स्नायूच्या थरांमधलं या पेशींचं जाळं नव्हतं, आणि मंद लहरीही नव्हत्या.

या पेशींच्या आत कॅल्शियमची साठवण असते. ती थोड्या थोड्या वेळानं थोडी रिती होते. त्या कॅल्शियमनं पेशीच्या आवरणातली ‘अॅनो-१’ नावाची क्लोराइडची दारं उघडतात, ऋण भाराचं क्लोराइड बाहेर पडतं आणि आवरणावरचा विद्युतदाब बदलतो. कॅल्शियम पुन्हा साठवणीत ओढलं गेलं की दारं बंद, पुढची फेरी सुरू. पेशी एकमेकींना आणि स्नायूंना सूक्ष्म जोडांनी जोडलेल्या असल्यामुळे लहर पुढे सरकते.

इथे एक गोष्ट बहुतेक जण चुकतात (परीक्षेत मीही चुकलो होतो): लहर म्हणजे आकुंचन नव्हे. तबलजी ठेका धरून बसलाय, गाणारा गाईलच असं नाही. लहरीच्या माथ्यावर स्नायूतल्या कॅल्शियमच्या वाहिन्या उघडण्याइतका विद्युतदाब चढला, तरच स्नायू जोरात आवळतो. तो चढू द्यायचा का, हे नसा आणि संप्रेरकं ठरवतात. आमच्या कागदावर ते स्पष्ट दिसायचं. नसांमधून सुटणाऱ्या अॅसिटिलकोलीन या रसायनाचा थेंब टाकला की लाटा उंच व्हायच्या, अॅड्रेनलीन टाकलं की काडी खाली येऊन जवळजवळ सपाट रेघ. अन्नानं भिंत ताणली गेली तरी जोर वाढतो; नसांमधून सुटणारा नायट्रिक ऑक्साइड स्नायू सैल करतो. मेंदूचं काम एवढंच, मेंदूतून पोटाकडे येणाऱ्या व्हेगस नसेतून चढ-उतार सुचवणं.

वेग मात्र फारसा हलत नाही. माणसाच्या जठरात मिनिटाला सुमारे ३ लहरी, आद्यांत्रात (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात) सुमारे १२, लहान आतड्याच्या शेवटी ८-९. तुम्ही कितीही घाईनं जेवा, जठर मिनिटाला तीनच्या आसपासच घुसळणार. जठरात लहर वरच्या भागातून, मोठ्या वळणाजवळून निघते आणि खाली निर्गमद्वाराकडे, म्हणजे आतड्यात उघडणाऱ्या तोंडाकडे, जाते. वरचा वेगवान भाग खालच्या मंद भागाला आपल्या मागे ओढतो. जुन्या मधुमेहात या पेशी कमी झालेल्या आढळतात, आणि काही रुग्णांचं जठर रिकामं व्हायला फार वेळ लागतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

आता तुमची गुरगुर. पोट रिकामं असताना दर दीड-दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत सफाईची एक फेरी निघते. तिच्या जोरकस टप्प्यात जवळजवळ प्रत्येक लहरीवर आकुंचन येतं, आतली हवा आणि पाणी पुढे ढकललं जातं, आणि तोच आवाज तुम्हाला ऐकू येतो. जठरातून ही फेरी सुरू करण्यात मोटिलिन या संप्रेरकाचा हात असतो. एरिथ्रोमायसिन घेतल्यावर अनेकांच्या पोटात कळा येतात, कारण ते प्रतिजैविक मोटिलिनच्याच कुलपात किल्लीसारखं बसतं. दोन घास खाल्ले की ती फेरी मोडते आणि आतडी घुसळण्याच्या कामाला लागतात. ठेका तोच.