नक्षीदार छताखालचं वाहनतळ

प्रश्न : डेट्रॉइटला मुलाकडे गेले होते. त्याच्या ऑफिसच्या इमारतीत गाडी लावली आणि वर पाहिलं, तर कोरीव छत, भलीमोठी कमान, फाटका पडदा! हे थिएटर होतं का? मग पाडलं का नाही?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, ते मिशिगन थिएटर. नोकरीच्या निमित्ताने मी त्या शहरात राहत होतो, तेव्हा सगळ्यात वरच्या मजल्यावर मान दुखेपर्यंत त्या छताकडे बघत उभा राहिलो होतो. प्लास्टरचे पोपडे निघालेले, पण नक्षी अजून ओळखू येते.

रॅप अँड रॅप या वास्तुरचनाकारांनी बांधलेलं हे थिएटर १९२६ साली उघडलं. आसनं सुमारे ४ हजार. ग्रँड सर्कस पार्कच्या आसपास त्या काळात अशी थिएटरं एकमेकांना खेटून उभी राहिली. पुढे घरोघरी टीव्ही आला, महामार्ग झाले, लोक उपनगरांत राहायला गेले आणि रात्री शहराच्या मध्यभागात शुकशुकाट होऊ लागला. शेवटी शेवटी तिथे रॉक संगीताचे कार्यक्रम व्हायचे. १९७६ला तेही थांबले.

पाडायचा विचार झाला होता. पण शेजारची कचेऱ्यांची इमारत आणि थिएटर यांचा सांगाडा एकमेकांत गुंतलेला. एक पाडलं तर दुसऱ्याला धोका. कचेऱ्यांतल्या भाडेकरूंना तर गाड्यांसाठी जागा हवीच होती. म्हणून खुर्च्या, बाल्कनी काढून आत तीन मजली वाहनतळ उभारलं. मला त्याचं फार वाईट वाटतं, तरी खरं सांगतो, त्या वाहनतळामुळेच छत वाचलं.

आणखी एक. हेन्री फोर्डने १८९६ साली आपली पहिली गाडी जिथे जोडली, ती शेड याच जागेवर होती. गाडी दारातून निघेना, म्हणून त्याने विटांची भिंत फोडली होती!

पुन्हा गेलात तर चालत वुडवर्ड ॲव्हेन्यूवरच्या फॉक्स थिएटरला जा. १९२८चं, ५ हजार आसनांचं, सी. हॉवर्ड क्रेनने रचलेलं. तेही मोडकळीला आलं होतं. लिटल सीझर्स पिझ्झावाल्या इलिच दांपत्याने विकत घेऊन १९८८मध्ये पुन्हा उभं केलं. आत भारतीय, पर्शियन, चिनी नक्षीची सरमिसळ आहे. कार्यक्रमाचं तिकीट काढा आणि अर्धा तास आधी पोचा, दिवे मालवण्याआधी भिंती निवांत बघता येतील.